बोअर मोजताय, पण पार्ट गरम आहे का?

क्वालिटीत नवीन लागला असाल, तर फिशबोन, व्हाय-व्हाय, पॅरेटो ही कारण शोधायची साधनं तुम्हाला येतात असं धरून चालतो. सिक्स सिग्माचं ग्रीन बेल्ट सर्टिफिकेटही असेल. त्यावर इंटरव्ह्यू निघतो, रिजेक्शन कमी होत नाही.

माझे सुरुवातीचे महिने ॲल्युमिनियम हाउसिंगच्या एका बोअरने, म्हणजे आतल्या गोल भोकाने, खाल्ले. व्यास ५० मिमी, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ३० मायक्रॉन (०.०३ मिमी). मशीनवर बोअर मोठा दिसायचा, ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे टूलची मशीनमधली सेटिंग, कमी करायचा. स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे तापमान सांभाळलेल्या मापनखोलीत, पुढचे पार्ट अंडरसाइज. इन्सर्ट बदलले, फिक्स्चर उघडलं, कूलंट तपासलं. गेजवर संशय कोण घेणार? गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यातल्याच चढउताराचा आकडा, १० टक्क्यांच्या आत होता की!

इथे जरा थांबून वाचा. ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ५० मिमीचा बोअर १० अंशांनी तापला की ११-१२ मायक्रॉन मोठा. ३० मधले एवढे तिथेच गेले. गेज जिच्यावर सेट करतो ती मास्टर रिंग स्टीलची, ती जवळपास निम्मीच वाढते. म्हणून रिंग मशीनशेजारी ठेवूनही हिशेब जुळत नाही. आणि आर अँड आर फक्त मापांतला चढउतार दाखवतो. सगळी मापं एकाच बाजूला सरकली असतील तर त्याला पत्ताही लागत नाही. तो सरक, म्हणजे बायस, वेगळा काढावा लागतो: तोच पार्ट उतरल्या उतरल्या मोजा, थंड झाल्यावर पुन्हा मोजा. बस, एवढंच. खोट्या मापावर ऑफसेट हलवत राहिलात तर धड चाललेली प्रोसेस तुम्हीच बिघडवाल, आणि मग त्यावर काढलेला सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते त्याचा आकडा) १.६७ चा असो की ०.९ चा, दोन्ही कचरा.

हे मला कुठल्या ट्रेनरने सांगितलं नाही. मशीन लावून देणारा सेटर म्हणाला, "साहेब, पार्ट हातात तर घेऊन बघा." मेंटॉर असाच शोधा. स्लाइड सुंदर बनवणारे पुष्कळ भेटतात.

आर अँड आरचे १० पार्ट सलग उचलू नका, वेगवेगळ्या शिफ्टमधले घ्या. तयार ८डी फॉरमॅट (तक्रारीवरचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट) भरायला हरकत नाही, पण मूळ कारणाच्या रकान्यात "ऑपरेटरची चूक" आणि उपाय म्हणून "ट्रेनिंग दिलं" लिहिलंत, तर तीच तक्रार पुन्हा येणार.

आकडेमोडीला घाबरू नका, ती आठवड्याभरात जमते. अवघड जातं ते रोजच्या मीटिंगमध्ये कारण विचारल्यावर "अजून मापच पक्कं नाही" असं सांगणं. पहिल्यांदा ओरडा बसेल. गरम-थंड मापांचा कागद सोबत न्या, दुसऱ्यांदा ऐकून घेतात.