हायस्कूलमध्ये ग्राफिक डिझाइन शिकवताना: आधी कात्री, मग कॉम्प्युटर

पहिल्याच तासिकेला मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, की दहा मिनिटांत वर्गभर सावल्या पडलेली, चमकणारी, कमानीसारखी वाकवलेली अक्षरं तयार होतात. यात मुलांची चूक नाही. सॉफ्टवेअर उघडल्यावर ज्या गोष्टी हाताशी येतात त्या ती वापरतात. अडचण पुढे येते: उरलेलं सत्र शिक्षक सावल्या काढायला लावत बसतो आणि काय कुठे ठेवायचं, किती मोठं ठेवायचं, का ठेवायचं, हे शिकवायचं राहूनच जातं.

म्हणून खालच्या आखणीत पहिल्या आठ तासिका कागदावर आहेत. आठवड्याला ४५ मिनिटांच्या दोन तासिका आणि १२ आठवडे, म्हणजे एकूण २४ तासिका धरल्या आहेत. चौकोनांना २, मजकुराच्या कापलेल्या पट्ट्यांना ३, चिन्हांना ३, सॉफ्टवेअर-अक्षरं-रंग यांना मिळून ६ आणि शेवटच्या पोस्टरला १०. तासिका कमी मिळाल्या तर सॉफ्टवेअरच्या कापा, कागदाच्या कापू नका.

सामान फार लागत नाही. ३० मुलांसाठी काळ्या कार्डपेपरचे ए४ आकाराचे ३५ कागद (पाच वाया जाणारच), पांढरे कागद २०० ते २५०, दोघांत एक याप्रमाणे १५ कात्र्या, तेवढ्याच गोंदाच्या कांड्या, ३० सेंटिमीटरच्या मोजपट्ट्या आणि प्रत्येकाला एक जाड व एक बारीक काळा मार्कर. रंगीत पेन या टप्प्यात वर्गात आणूच देऊ नका. रंग आला की मुलं मांडणीचा विचार सोडून रंगवायला लागतात.

चार चौकोन

१२ बाय १२ सेंटिमीटरची पांढरी चौकट. तिच्यात फक्त चार काळे चौकोन, आकार कोणताही. या चार चौकोनांतून एक शब्द दिसला पाहिजे: गर्दी, एकटेपणा, शिस्त, तोल जाणं, वाढ. शब्द वर्गाला वाटून द्या.

कापाकापी लगेच नको. आधी ए४ कागदावर ३ सेंटिमीटरच्या छोट्या चौकटी आखायच्या. मध्ये १ सेंटिमीटर अंतर आणि कडेला १ सेंटिमीटर जागा ठेवली, तर आडव्या ओळीत बरोबर पाच बसतात. एका शब्दासाठी किमान दहा कच्च्या मांडण्या. पहिल्या तीन-चार सगळ्यांच्या सारख्याच निघतात, सातव्या-आठव्यापासून मुलं खरा विचार करायला लागतात. दहाचा आग्रह त्यासाठीच.

दोन चुका हमखास होतात. एक, मुलं चौकोनांचं घर किंवा रोबोट बनवतात. त्यांना कल्पना वस्तूच्या रूपातच सुचते. ‘ओळखू येणारी वस्तू दिसली की ती मांडणी बाद’ हा नियम आधीच फळ्यावर लिहा. दोन, सगळं चौकटीच्या मधोमध गोळा होतं. तेव्हा विचारा, चौकोन कडेला टेकला तर? अर्धा बाहेर गेला तर?

‘तोल जाणं’ घ्या. चार चौकोन एकावर एक वाकडेतिकडे रचले तर तो नुसता ढीग दिसतो. त्याऐवजी तीन छोटे चौकोन खालच्या कडेला अगदी सरळ रांगेत लावा आणि चौथा मोठा चौकोन फक्त एका कोपऱ्यावर, उजवीकडे जरासा झुकवून, त्यातल्या शेवटच्या चौकोनावर टेकवा. झुकाव १० अंशांचा असेल तर तोल जाताना दिसतो, ४५ अंशांचा केला तर तो निवांत उभा असलेला शंकरपाळा होतो. बाकीचे तीन सरळ आहेत म्हणून चौथ्याचं वाकडेपण कळतं. मुलांना कोन बदलून बघू द्या. विरोधाशिवाय काही दिसत नाही, हे त्यांना यातून आपोआप उमगतं.

कापलेल्या पट्ट्या

पूर्ण अभ्यासक्रमातला सर्वात मोलाचा व्यायाम हाच. एका सूचनेच्या सात ओळी एकाच फॉन्टमध्ये, १४ पॉइंटमध्ये, एकाच जाडीत छापून घ्या: कार्यक्रमाचं नाव, विषय, वार-तारीख, वेळ, जागा, प्रवेश कोणाला, संपर्क. प्रत्येक मुलाला तीन संच. ओळी कापून पट्ट्या करायच्या आणि ए५ कागदावर मांडायच्या.

पहिल्या फेरीत फक्त जागा बदलायची. दुसऱ्या फेरीत कोणतीही एक ओळ बोल्ड घेता येईल. तिसऱ्या फेरीत कोणत्याही एका ओळीचा आकार बदलता येईल. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीसाठी सगळ्या ओळी बोल्डमध्ये आणि २८ व ४२ पॉइंटमध्ये वेगळ्या छापून ठेवा.

पहिल्या फेरीत मुलं कुरकुरतात, ‘यात करण्यासारखं आहे काय?’ म्हणतात. तेव्हा तारीख आणि वेळ यांच्या पट्ट्या ४ मिलिमीटरवर आणि त्या जोडीपासून वरचं नाव ३० मिलिमीटरवर ठेवून दाखवा. फॉन्ट तोच, आकार तोच, तरी ‘कधी’ हा गट वेगळा वाचला जातो. मग वेळेची पट्टी खाली सरकवून जागेच्या पट्टीला चिकटवा. लगेच अर्थ गोंधळतो. अंतरसुद्धा वाचलं जातं हे सांगून पटत नाही, पट्टी सरकवताना पटतं.

तिसऱ्या फेरीत तुम्ही १६ आणि १८ पॉइंटच्या पट्ट्याही ठेवल्यात तर बरीच मुलं त्याच उचलतील, कारण भित्रा बदल सुरक्षित वाटतो. १४ शेजारी १६ ठेवलं की ते मुद्दाम केलंय असं न वाटता छपाईची चूक वाटते. नियम ठेवा: बदलायचं तर निदान दुप्पट. काम झालं की भिंतीला लावून तीन मीटरवरून डोळे किलकिले करून बघायचं. अक्षरं धूसर झाल्यावर जो काळा ठिपका आधी दिसतो, तोच मथळा. तो भलत्याच ओळीवर पडला असेल तर मांडणी फसली.

चिन्हं

१९६४ च्या टोकियो आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची खेळांची चिन्हं वर्गात दाखवा. म्युनिकची चिन्हं जर्मन डिझायनर ओटल आयशर यांच्या चमूने केली. हातपाय उभे, आडवे किंवा ४५ अंशांतच, इतक्या कडक नियमात ती बसवलेली आहेत. नियम कडक असूनही प्रत्येक खेळ ओळखू येतो, किंबहुना त्यामुळेच सगळी चिन्हं एका घरातली वाटतात.

मुलांना ८ बाय ८ चौकटींचा आलेख द्या. सरळ रेषा, ४५ अंशांची तिरकी रेषा आणि पाव वर्तुळ, एवढंच चालेल. वाचनालय, प्रयोगशाळा, पिण्याचं पाणी, अशी तीन चिन्हं. एकाचं चित्र जमतं, तिन्ही एका कुटुंबातली दिसणं अवघड. रेषेची जाडी एका चिन्हात दोन चौकटी आणि दुसऱ्यात अर्धी, असं होतं. तपासणी सोपी आहे: चिन्ह दीड सेंटिमीटरवर छोटं करा आणि दुसऱ्या वर्गातल्या पाच जणांना दाखवा. चार जणांनी न सांगता ओळखलं तर पास. प्रयोगशाळेसाठी काढलेला चंबू हमखास फुलदाणी ठरतो.

देवनागरी अक्षरं

इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेले नियम इथे जसेच्या तसे उचलले की फसगत होते.

अक्षरांतलं अंतर वाढवायचं नाही. रोमन मोठ्या अक्षरांत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर मात्र जास्त हवं. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या, अशी दोन्हीकडून गर्दी असते. १२ पॉइंटच्या मजकुराला १८ पॉइंटपासून सुरुवात करा. मथळ्यात थोडं कमी चालतं, पण वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ओळीतल्या ‘र्थी’वर आदळतोय का ते डोळ्यांनी बघायचं.

देवनागरीत मोठी लिपी-छोटी लिपी नाही, म्हणून ठळकपणा जाडी, आकार आणि जागा यांतूनच आणावा लागतो. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरं इटॅलिकही नसतं. बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतं. तसंच, बोल्ड नसलेल्या फॉन्टला बोल्डचं बटण दाबलं की अक्षराभोवती काठ चढतो आणि ‘ध’, ‘ष’ यांच्या आतली पांढरी जागा बुजते. म्हणून अनेक जाड्या असलेला फॉन्ट द्या. मुक्ता, बालू २ आणि नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही मोफत आहेत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी बघा. वर्गासाठी दोनच फॉन्ट ठरवून बाकीचे बंद करा.

कोणताही फॉन्ट वापरण्याआधी ‘विद्यार्थ्यांचं कर्तृत्व, दुसऱ्या हृदयात’ असं टाइप करून बघायचं. अर्थ काही नाही, पण वेलांटी, रफार, अनुस्वार, जोडाक्षर, ऋकार सगळं यात आहे. ‘वि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षराचा पाय मोडका दिसला तर दोष सेटिंगचा असू शकतो. काही व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. जुन्या, युनिकोड (अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच ओळखली जाण्याची पद्धत) नसलेल्या फॉन्टातला मजकूर चिकटवला की निरर्थक चिन्हं येतात. तो पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करणं किंवा रूपांतर करून नीट तपासणं, एवढेच उपाय.

सॉफ्टवेअर आणि रंग

इंकस्केप हे चित्रं आणि मांडणी करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि शाळेला पुरेसं आहे. पहिल्या तासिकेत पाचच गोष्टी: निवडणं, आयत-वर्तुळ काढणं, मजकूर, एका रेषेत लावणं, गट करणं. एका कॉम्प्युटरवर दोघं असतील तर दर दहा मिनिटांनी माऊस बदला. गजर लावाच, नाहीतर ज्याला येतं तोच करत राहतो. तयार टेम्पलेटवाली साधनं या सत्रात नकोत. त्यात निर्णय आधीच दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असतात.

ए४ पानाला कडेने १५ मिलिमीटर समास ठेवा. उरलेल्या १८० मिलिमीटरमध्ये ६ मिलिमीटर अंतराने ५६ मिलिमीटरचे तीन रकाने बसतात. मजकूर, चित्र, चिन्ह, सगळं कुठल्या ना कुठल्या रकान्याच्या कडेला टेकलं पाहिजे.

रंग दोन, शिवाय कागदाचा पांढरा. काम झालं की करड्या छटांत प्रिंट काढा. त्यात अक्षर पार्श्वभूमीत बुडालं तर रंगांत कितीही खुललेलं असो, बदला. वेबसाठीच्या प्रचलित मानकात साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराला ३ : १ इतका विरोध (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो, तो मोजणारी साधनं ऑनलाइन मोफत मिळतात. पांढऱ्यावर पिवळं या चाचणीत सपशेल पडतं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, तेव्हा फक्त या दोन रंगांवर अर्थ सोपवू नका.

छपाईला देताना फोटो ३०० पिक्सेल प्रति इंच हवा. पूर्ण ए४ साठी ते २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात. १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो जेमतेम ९ सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ छापतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा आधीच आक्रसलेला असतो. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त, म्हणजे २१६ बाय ३०३ मिलिमीटर. नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ उरते. पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा कागदावर मंद उतरतो. एक नमुना प्रिंट काढल्याशिवाय कोणालाही पटत नाही.

कामावर बोलणं

सगळी कामं भिंतीला लावा. ‘छान’, ‘मस्त’, ‘आवडलं’ हे शब्द बंद. ज्याचं काम आहे त्याने पाच मिनिटं गप्प बसायचं, बाकीच्यांनी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. नजर आधी कुठे गेली? मग कुठे? कुठे अडखळली? शेवटी त्याने फक्त सांगायचं, ‘मला नजर इथे न्यायची होती.’ या दोन उत्तरांतली तफावत हाच त्याचा गृहपाठ.

शेवटचं पोस्टर

ए३ पोस्टर, खऱ्या गरजेसाठी. आधी एका वाक्यात लिहून घ्या: कोणी, कुठून जाताना बघून, काय करावं? ‘वाचनाचं महत्त्व’ हा विषय नको, त्यावर उघडं पुस्तक आणि उगवता सूर्यच येतो. ‘वाचनालय आता मधल्या सुट्टीतही उघडं असतं’ हे चालेल.

दहा तासिका अशा: वाक्य ठरवायला १, वीस छोट्या मांडण्यांना २, निवडलेली मांडणी पूर्ण आकारात पेन्सिलने १, कॉम्प्युटरवर ३, चर्चेला १, दुरुस्तीला १, लावून निरीक्षणाला १. इंटरनेटवरून घेतलेल्या प्रत्येक चित्राचा परवाना आणि निर्मात्याचं नाव वहीत लिहायचं. शोधात सापडलं म्हणजे मोफत झालं, असं नसतं.

१०० पैकी ४० गुण कच्च्या मांडण्यांना, ३० निर्णयाचं कारण सांगता येण्याला, २० सफाईला, १० दुसऱ्यांच्या कामावरच्या बोलण्याला. सफाईला जास्त गुण दिले की ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तोच पुढे जातो.

शेवटच्या तासिकेला पोस्टर ठरलेल्या जागी, सर्वसाधारण नजरेच्या उंचीवर लावा आणि मुलांना लांब उभं करून दहा मिनिटं नोंदी घ्यायला सांगा: किती जण समोरून गेले, किती थांबले, कोणी वेळ वाचली. नंतर दोन जणांना गाठून विचारायचं, काय लिहिलं होतं? उत्तर चुकीचं आलं तर एका आठवड्यात सुधारलेली प्रत आणून देण्याची मुभा ठेवा आणि ४० आणि ३० च्या खात्यातले गुण तिच्यावरून पुन्हा द्या.