भंडारदऱ्याला सहकुटुंब तंबूत मुक्काम? या चुका टाळा

डिसेंबर लागला की शनिवारी दुपारपासून घोटीहून भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. शेंडी, मुरशेत, रतनवाडी, धरणाच्या काठाने जिथे सपाटी मिळेल तिथे तंबू. बुकिंग करताना लोक दोनच गोष्टी विचारतात: बार्बेक्यू आहे का आणि गाणी लावता येतील का. खाली अंथरायला काय देता, हे कुणी विचारत नाही. रात्री दोननंतरच्या बहुतेक तक्रारी मात्र तिथूनच सुरू होतात.

पांघरूण ढीगभर, अंथरूण नावापुरतं

दोन ब्लँकेटं घेऊनही मुलं कुडकुडतात, कारण थंडी खालून येते. जमीन अंगातली ऊब रात्रभर ओढून घेत असते. स्लीपिंग बॅग ऊब धरते ती तिच्या भरणीत अडकलेल्या हवेमुळे, आणि पाठीखाली दबून ती भरणी चपटी झाली की त्या बाजूने बॅगेचा उपयोग जवळजवळ संपतो. फुगवायच्या गादीचंही तेच. ती मऊ लागते, पण आतली हवा गार पडली की गारव्यावरच झोपल्यासारखं होतं.

उपाय सोपा आहे. सगळ्यात खाली प्लास्टिक, त्यावर फोमची चटई आणि तिच्यावर घरची जाड गोधडी. फुगवायची गादी असेल तर गोधडी तिच्यावर घाला. मध्यरात्री लक्षात आलं तर अंगावरच्या दोन पांघरुणांपैकी एक सरळ खाली घ्या. गाडीतल्या रबरी मॅट, काचेला लावायचं चंदेरी सनशेड, रिकाम्या सॅक, जे हाताला लागेल ते मुलांच्या पाठीखाली सरकवा. दिसायला गबाळं दिसेल, पण झोप लागेल.

पोरं संध्याकाळभर पळून घामेजलेली असतात. त्याच कपड्यांत झोपवलं की तो ओलावा पहाटेपर्यंत छळतो. आतले कपडे आणि मोजे कोरडे घाला आणि कानटोपी चढवा. सगळ्यात कडक थंडी मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या आसपास असते, आणि नेमकं तेव्हाच पोरांनी पांघरूण लाथाडलेलं असतं.

आता जागेबद्दल. कळसूबाई १६४६ मीटर उंच आणि धरणाचा काठ त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर, म्हणून इथे थंडी कमी वाजेल असा अनेकांचा समज असतो. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट भागात साचते. अगदी पाण्याला टेकलेला तंबू फोटोत झकास दिसतो. झोपायला मात्र त्याच्या वरची, थोडी उंचावरची बांधाची सपाटी मागून घ्या.

‘तंबू गळतोय!’

डिसेंबरात पाऊस नाही आणि पहाटे कपाळावर थेंब पडतो. छताला हात लावला तर कापड ओलंचिंब. ते पाणी बाहेरून आलेलं नसतं, तुमच्याच श्वासातलं असतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या झिपा गच्च लावल्या की चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि थेंब होऊन खाली येते. वरच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. बाहेरचं आच्छादन ताणून बांधा, म्हणजे ते आतल्या कापडाला चिकटणार नाही. ओले टॉवेल आणि पोहून आलेल्यांचे कपडे बाहेर ठेवा. आणि ‘चार माणसांचा तंबू’ म्हणजे खांद्याला खांदा लावून चार माणसं, सामान धरलेलं नसतं. चौघांच्या कुटुंबाने सहाजणांचा मागावा. भिंतीला पाठ लागली नाही तर अर्धा ओलावा तिथेच टळतो.

शेगडी तंबूत घेणं

ही चूक जिवावर बेतते. निखारे लाल झालेत, धूर नाही, मग आत ठेवायला काय हरकत, असं म्हणून बार्बेक्यूची शेगडी आत ओढली जाते. धूर नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गॅसची शेगडीसुद्धा आत नको, दाराशी तर नकोच. कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, माणूस बरळायला लागला तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

बाहेर चहा करताना छोट्या डब्यावरची ज्योत पहाटे मरगळते. गॅस संपलेला नसतो, थंडीने त्यातला दाब उतरलेला असतो. डबा कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवला की पुन्हा जोर धरतो. पाणी कोमटच हवं, उकळतं अजिबात नको.

झिप उघडी, चपला बाहेर

मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, सूजही दिसत नाही. त्यामुळे आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी झिप पूर्ण लावायची, हे मुलांना पहिल्याच तासात शिकवा. बूट घालण्याआधी झटका, विंचवाची ती आवडती जागा. दंशाचा नुसता संशय असला तरी कापू नका, आवळून बांधू नका, थेट रुग्णालय गाठा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे पोचल्याबरोबर गावकऱ्यांना विचारून ठेवा, कारण ऐन वेळी मोबाइलची रेंज साथ देईलच असं नाही.

काजव्यांच्या दिवसांतल्या चुका वेगळ्या

मेअखेर ते पहिले पाऊस या काळात येणारे डिसेंबरचाच हिशेब लावून येतात. तेव्हा पाणी ओसरून धरणाचा तळ उघडा पडलेला असतो, आणि ऐसपैस जागा बघून लोक तिथेच तंबू ठोकतात. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. तेव्हापासून साचलेल्या गाळात खुंट्या काय धरणार! वळवाच्या एका झोतात तंबू उडतो. मुलांना या काठाने पाण्यात उतरू देऊ नका, पाय कधी रुतेल सांगता येत नाही. वर मुरमाड जमिनीत खुंटी शिरत नसेल तर दोरी मोठ्या दगडाला बांधा. विजा सुरू झाल्या तर तंबू किंवा एकटं झाड नको, सगळ्यांनी काचा लावून गाडीत बसा.

काजव्यांचं चमकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. त्यात हेडलाइट, फ्लॅश आणि टॉर्च मारायचे आणि मग ‘यंदा फारसे दिसले नाहीत’ म्हणायचं, हा प्रकार दरवर्षी चालतो. स्पीकरबद्दल तर बोलायलाच नको.

उरलेल्या बारीकसारीक

घाटात पोरांना गाडी लागते. त्यामुळे कसाऱ्याच्या आधी तर्रीदार मिसळ खाऊ घालू नका. रतनवाडीला अमृतेश्वराच्या आसपास खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं सोकावलेली आहेत. आजी-आजोबा सोबत असतील तर गुडघे धरून तंबूत वाकण्यापेक्षा त्यांच्यासाठी गावातल्या घरात एक खोली घ्या. शेकोटीला ते असतीलच.

निघताना दव पडलेला तंबू तसाच गुंडाळू नका. ऊन येईपर्यंत उलटा करून पसरा. थांबायला वेळ नसेल तर घरी पोचल्यावर त्याच रात्री गॅलरीत वाळत टाका, नाहीतर पुढच्या खेपेला उघडाल तेव्हा शिवणीवर काळी बुरशी धरलेली असेल.