रिडेव्हलपमेंटमध्ये जोडी फ्लॅट घ्यावा की एकच मोठा?

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की घरोघरी एकच हिशोब, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती वाढणार. त्याआधी एक कागद घ्या आणि अजून दहा वर्षांनी या घरात नक्की कोण कोण राहणार ते नावानिशी लिहा. आजी-आजोबा, काका-काकू, चार पोरं असली घरं आता मुंबईत कमीच उरलीत, एनएफएचएस-५ (२०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) प्रमाणे महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं, आणि लग्न झालं की ती मुलंही, मुंबईत जागा परवडत नाही म्हणून, ठाणे-कल्याणकडे जातात. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली आणि ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, ते काय उगाच नाही.

कागदावर दोनच नावं आली आणि एका मुलाचं येणं-जाणं असेल तर बिल्डरला जोडी फ्लॅट मागून बघा, म्हणजे मोठ्या थ्री बीएचकेऐवजी शेजारी-शेजारी एक टू बीएचके आणि एक वन आरके (एक खोली आणि किचन). अ‍ॅग्रीमेंट दोन वेगवेगळी करून घ्या, मीटरही दोन. मग छोटा फ्लॅट मुलाला द्या, केअरटेकरला द्या नाहीतर भाड्याने द्या (भाडेकरू ठेवला तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावणार, पण ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर नाही घेता येत). मेंटेनन्सची बिलं मात्र दोन येतील, ते धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मधली भिंत. बरेच जण म्हणतात आत्ता दोन घेऊ, नंतर फोडून एक करू. पण नवीन टॉवर माइवान पद्धतीने (अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती-स्लॅब काँक्रीटमध्ये एकत्र ओततात ती) बांधत असतील तर आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात, पूर्ण बिल्डिंगचा भार त्यांच्यावर, त्या फोडायच्या नाहीत म्हणजे नाहीत! म्हणून मधे दरवाजा हवा असेल तर प्लॅन पास व्हायच्या आधीच आर्किटेक्टकडून ड्रॉइंगमध्ये टाकून घ्या, तोंडी "करून देतो"वर जाऊ नका.

आणि प्लॅन हातात आला की बाथरूमच्या दाराची रुंदी बघा. सव्वादोन-अडीच फुटी दार सर्रास देतात, चौकट आणि उघडलेलं दार धरून व्हीलचेअर त्यातून आत जायची मारामार. तीन फुटी मागा, मॉड्युलर किचनचे लाड नंतर.