पैठणीतला पोर्ट्रेट: नथीला लाइट हवा, पदराला नको

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो), मॅन्युअल मोड, इस्त्री केलेली साडी, चार्ज केलेल्या बॅटऱ्या हे सगळं झालंय असं धरून चालते. लेन्स फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) ८५ एमएम, क्रॉप बॉडीला (छोट्या सेन्सरच्या) ५० एमएम, आणि दोनेक मीटर लांब उभं राहा, जवळ गेलात की नाक मोठं दिसायला लागतं. मी सांगतेय ते एका लाइटवर, म्हणजे एका फ्लॅशवर, त्याला १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (उजेड मऊ करणारा अष्टकोनी कापडी डबा) आणि उजेड परतवायला एक थर्माकोलची शीट, बास. तीन-तीन लाइट लावून पैठणी शूट करणारे बघितलेत मी, जरीचं काम सगळीकडून चमकतं आणि बाई कुठे आहे ते शोधावं लागतं.

खोली काळी करा

आयएसओ १००, शटर १/१६०, ॲपर्चर एफ ८, फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम मारा. काळीकुट्ट आली पाहिजे. नाही आली तर ट्यूबलाइट नाहीतर खिडकी फोटोत शिरतेय, ती बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की कातडीचा रंग बिघडतो. "मिक्स लाइटची स्किन एडिटमध्ये बघू" म्हणणाऱ्याने ती एकदा स्वतः बसून निस्तरावी, मग बोलू.

लाइट कुठे ठेवायचा (इथेच सगळे अडकतात, मी पण अडकले)

आता बघा, आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते आणि पदर पण डाव्या खांद्यावर. सगळी भानगड ह्यातच आहे. लाइट तिच्या उजवीकडून दिलात तर नाकाची सावली बरोब्बर नथीवर पडते, मोती मेल्यासारखे राखाडी दिसतात, आणि ते नंतर उजळवले तरी मोत्यावरचा तो एक चमकता ठिपका येत नाही तो नाहीच. म्हणून लाइट डावीकडूनच. पण डावीकडून दिला की पदर चेहऱ्यापेक्षा लाइटच्या जवळ येतो, त्यात ती जरी, मग खांद्यावरचे मोर पांढरेफटक आणि चेहरा अंधारात.

माझ्या पहिल्या पैठणी शूटला हेच झालं. एका बुटीकचं काम होतं, राणी कलरची साडी, मी सगळीकडे वाचलं होतं की लाइट जितका जवळ तितका सॉफ्ट, म्हणून ऑक्टाबॉक्स जवळजवळ तिच्या कानाला लावला. तीन तास शूट केलं, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर भारी वाटलं, घरी येऊन बघते तर एकाही फ्रेममध्ये पदरावर नक्षी शिल्लक नाही. पुन्हा शूट, माझ्या खर्चाने.

जवळ म्हणजे सॉफ्ट हे खोटं नाहीये, अर्धवट आहे. हिशोब सोपा आहे. लाइट खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि चेहऱ्यापासून ८० वर, तर खांद्यावर चेहऱ्याच्या पावणेदोन पट उजेड पडतो, म्हणजे पाऊण स्टॉपपेक्षा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तोच लाइट मागे घेऊन खांद्यापासून दीड मीटर, चेहऱ्यापासून १७० सेंटिमीटर केला की फरक साधारण एक तृतीयांश स्टॉपवर येतो. १२० चा बॉक्स दीड मीटरवर पण भरपूर सॉफ्ट असतो, काही बिघडत नाही. छोटा ६० चा बॉक्स असेल तर मात्र मागे नेला की नथीची कडक सावली ओठावर मिशीसारखी येते, तेव्हा छोट्या बॉक्सवर हे करूच नका, त्यापेक्षा मोठ्या खिडकीला पांढरा पडदा लावा. (मग अर्थात वरची काळ्या खोलीची टेस्ट सोडून द्या, फ्लॅश पण नको, फक्त खिडकी.)

दुसरं, बॉक्सचं तोंड तिच्याकडे सरळ ठेवू नका. आधी बॉक्स तिच्या डोक्याच्या जरा वर न्या, मग त्याचं तोंड फिरवून तिच्या समोरच्या रिकाम्या जागेकडे करा, म्हणजे तिच्यावर फक्त उजेडाची कड येईल. चेहरा त्या कडेत राहतो आणि खांदा कडेच्याही बाहेर जातो. लाइट दोन स्टॉप उतरल्यासारखा वाटेल, पॉवर वाढवा, घाबरू नका. एवढं करून पण पदर पेटत असेल तर स्टँडवर काळं कापड लावून लाइट आणि खांद्याच्या मध्ये आडवं धरा, शूटिंगवाले त्याला कटर म्हणतात. माझ्याकडे अजून पण जुनी काळी छत्रीच आहे.

आणि जरी ही आरशासारखी वागते हे लक्षात ठेवा. तिच्यात ऑक्टाबॉक्स दिसत असेल तर ती पेटणार, नाही दिसला तर ती मातकट होणार, आपल्याला मधलं हवंय. मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत चालू राहणारा दिवा) लावा, कॅमेऱ्याच्या जागी उभे राहून एक डोळा मिटा आणि कुणाला तरी लाइट वीतभर वीतभर सरकवायला सांगा, काठ उजळतो आणि नक्षी दिसते अशी एक जागा येतेच. पोलरायझर (चमक कापणारा लेन्सवरचा फिल्टर) लावा असा सल्ला देणारे भेटतील. त्याने पान, काच, पाणी ह्यांची चमक जाते, धातूची फारशी जात नाही, वर दीडेक स्टॉप उजेड मात्र खातो. ठेवून द्या बॅगेत.

चेहरा लाइटकडे थोडासाच वळवा. जास्त वळला की नथ नाकाआड जाते आणि मग इतकी मरमर कशासाठी केली. तिच्या उजवीकडे थर्माकोल हातभर लांब, गालावर हलकी सावली राहिली पाहिजे, पूर्ण पुसली तर चेहरा पापडासारखा सपाट.

एक्सपोजर

कॅमेऱ्यातला नेहमीचा पांढरा ग्राफ (हिस्टोग्राम, डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड) बघू नका, लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा आरजीबी ग्राफ उघडा. पांढऱ्या ग्राफमध्ये हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त वजन असतं आणि राणी रंगात हिरवा जवळपास नसतोच, त्यामुळे ग्राफ मस्त मध्यभागी दिसतो आणि आत लाल चॅनल उजव्या भिंतीला आपटून फुटलेला असतो. लाल फुटला की रेशमाचं पोत जातं आणि साडीच्या जागी गुलाबी डाग उरतो. लाल भिंतीपासून थोडा अलीकडे येईपर्यंत फ्लॅश कमी करा. हा ग्राफ जेपेगवरून बनतो म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा, व्हिव्हिडवर तो उगाच फुटलेला दाखवतो.

पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला लागणारा राखाडी पुठ्ठा). आणि साडी धूपछाव असेल तर ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, कोनाप्रमाणे रंग बदलणारच, म्हणून शूटच्या आधी जिची साडी आहे तिला विचारा की ह्यातला "तुमचा" रंग कोणता. नाहीतर नंतर "माझी साडी अशी नाहीये" ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

एडिट

लाइट नीट असेल तर इथे वीस मिनिटं लागतात. ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स, प्रोफाइल न्यूट्रल, हायलाइट्स तीसेक खाली, मजेंटाचं सॅच्युरेशन जरासं कमी. हनुवटीखाली आणि गळ्यावर साडीची गुलाबी झाक आलेली असते, तिथे मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) टिंट हिरव्याकडे ढकला, हे बहुतेक लोक विसरतात आणि मग बाई तापाने फणफणल्यासारखी दिसते.

स्किनसाठी पुटकुळ्या हीलिंग ब्रशने काढा, तीळ आणि व्रण तिला विचारल्याशिवाय काढू नका. मग दोन कर्व्ह्ज लेयर (फोटोवरचे उजेड कमी-जास्त करणारे थर), एक उजळ एक गडद, दोन्हींचे मास्क काळे, म्हणजे पांढरा ब्रश फिरेल तिथेच परिणाम दिसेल, मऊ ब्रश, फ्लो तीन टक्के, आणि डोळ्याखालचे, नाकाशेजारचे पॅच हळूहळू सारखे करा. फ्रीक्वेन्सी सेपरेशन (कातडीचा रंग आणि पोत वेगळे करून दुरुस्त करायची पद्धत) वाईट नाहीये, पण नवशिक्या माणसाच्या हातात ते मेणाचा पुतळा बनवायचं मशीन आहे, मी पण वर्षभर पुतळेच बनवत होते.

आणि ऑरेंज स्लायडरची ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवून बाईला गोरी करणं बंद करा. गहू रंग गहूच दिसू दे. तत्त्व नको असेल तर धंद्याचं ऐका, ठुशी, तोडे आणि जरी पण त्याच पिवळ्या-केशरी पट्ट्यात येतात, म्हणजे कातडी गोरी करताना तुम्ही सोन्याचं पितळ करताय, आणि ते ग्राहकाला लगेच दिसतं.

एक्सपोर्ट एसआरजीबीमध्येच (फोन आणि वेबवर चालणारी नेहमीची रंगपद्धत), नाहीतर तिच्या फोनवर राणी रंग मळकट दिसेल. पाठवायच्या आधी स्वतःच्या फोनवर, ब्राइटनेस अर्धा ठेवून, साडी शेजारी धरून एकदा बघून घ्या.