बेल्टवर चालणारे सीएनसी यंत्र जोडण्यापूर्वीची तयारी

सुटे भाग मागवण्याआधी संगणकाच्या आज्ञेनुसार कापणाऱ्या या यंत्राकडून कोणते काम करून घ्यायचे ते ठरवावे, कारण त्याचे अक्ष हलवणारा दातेरी बेल्ट हा थोडा का होईना ताणला जाणारा भाग आहे. लाकूड, एमडीएफ आणि ॲक्रिलिक यांसाठी तो पुरेसा असतो, ॲल्युमिनियमही अगदी उथळ थरांनी कापता येते. पोलाद कापायचे मनात असेल, तर मात्र हा मार्गच सोडावा.

नंतर गणित मांडावे. जीटी२ बेल्टच्या दोन दात्यांमधले अंतर 2 मिमी असते, त्यामुळे 20 दात्यांची पुली एका फेऱ्यात 40 मिमी बेल्ट ओढते. एका फेऱ्यात 200 पावले टाकणाऱ्या स्टेपर मोटरला ड्रायव्हरवर (मोटरला प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटवर) प्रत्येक पावलाची 16 सूक्ष्म पावले करून दिली, की एका मिलिमीटरला 80 पावले पडतात. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, तो पुढे लागणार आहे. बेल्ट जितका लांब तितका तो अधिक ताणला जातो, म्हणून मोठ्या चौकटीसाठी 6 मिमीऐवजी 9 किंवा 10 मिमी रुंदीचा बेल्ट घ्यावा. उभ्या अक्षासाठी बेल्ट न वापरता लीडस्क्रू (आटे पाडलेला फिरता दांडा) वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते. अन्यथा वीज जाताच स्पिंडल (कापणारे पाते फिरवणारी मोटर) स्वतःच्या वजनाने खाली येण्याचा धोका असतो.

हाताशी ॲलन कीचा संच, गुण्या, डिजिटल कॅलिपर, पोलादी पट्टी आणि मल्टीमीटर असावा. मल्टीमीटर अनेकांना अनावश्यक वाटतो, परंतु अनेक ड्रायव्हरमधून मोटरला किती प्रवाह मिळणार हे त्यावरील संदर्भ व्होल्टेज मोजूनच ठरवावे लागते. वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, त्याने ड्रायव्हर जळू शकतो.

चौकट जोडताना बोल्ट आधी अर्धवट आवळावेत, दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते सारखे भरल्यावरच बोल्ट पूर्ण घट्ट करावेत. पुलीचा एक ग्रब स्क्रू (डोके नसलेला छोटा स्क्रू) मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवर बसला आहे का, हे पाहावे. तो सैल राहिला, तर आकार मध्येच सरकतो आणि नवशिका मनुष्य दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. दोन्ही बाजूंना स्वतंत्र बेल्ट असतील, तर त्यांचा ताण सारखा ठेवावा.

आणीबाणीचे बटण असे जोडावे, की त्याने मोटरांबरोबर स्पिंडलचीही वीज तुटेल. स्पिंडल वेगळ्या प्लगवर असला, तर कंट्रोलर (मोटरांना आज्ञा देणारे सर्किट) थांबल्यावरही तो फिरत राहतो. चष्मा आणि धूळ ओढण्याची सोय पहिल्या कापाआधीच झालेली असावी.

पहिल्या चाचणीसाठी स्पिंडलच्या जागी पेन बसवून 100 मिमीचा चौरस काढावा. बाजू 99.2 मिमी भरली, तर आधी बेल्टचा ताण तपासावा आणि तो योग्य असेल तरच 80 ला 100 ने गुणून 99.2 ने भागावे. येणारे सुमारे 80.65 हे उत्तर जीआरबीएलमध्ये (कंट्रोलरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या अक्षाच्या प्रति मिलिमीटर पावलांच्या ओळीत भरावे. बाजू बरोबर असूनही दोन कर्णांत फरक पडला, तर आकड्यांना हात न लावता पुन्हा चौकटीचे बोल्ट सैल करावेत.