रोमच्या चार दिवसांचे अंदाजपत्रक आखताना

रोमच्या सहलीचा हिशोब मांडताना विमानभाडे आणि हॉटेल यांची बेरीज सगळेच करतात. बिघडतो तो त्यानंतरचा हिशोब. हॉटेलच्या आरक्षणात बहुधा न धरलेला शहराचा निवासकर दर माणशी, दर रात्री वेगळा द्यावा लागतो आणि हॉटेलच्या दर्जानुसार तो वाढतो. तीन तारांकित हॉटेलात तो 6 युरो आहे, म्हणजे दोघांच्या चार रात्रींचे 48 युरो झाले, आणि ही रक्कम पुष्कळदा रोख मागितली जाते. शेंगेन व्हिसाचे (इटलीसह युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) शुल्कही प्रौढांसाठी 90 युरो आहे, हे विसरू नये.

रोजच्या खर्चात मात्र बचतीला खूप वाव आहे. रस्तोरस्ती असलेल्या ‘नाझोनी’ नावाच्या ओतीव लोखंडी नळांतून पिण्याचे थंड पाणी अखंड वाहते. तोटीचे तोंड बोटाने दाबले, की वरच्या भोकातून कारंज्यासारखी धार उडते आणि न वाकता पिता येते. त्यामुळे रिकामी बाटली जवळ ठेवली, तर पाण्याचा खर्च शून्यावर येतो. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यावी, कारण टेबलाशी बसल्यास तीच कॉफी बरीच महाग पडते.

कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की युरो असे विचारल्यास न चुकता युरोच निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात विनिमयदर आपल्या तोट्याचा लावलेला असतो.