आधी बांबू, मग पांडा

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन २०१८ मध्ये मी पतीच्या नोकरीनिमित्त अमेरिकेत आले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मी विनावेतन स्वयंसेविका झाले. तेव्हापासून या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी मला हटकून विचारतात, की पांडाला कधी उचलून घेतले का. नाही घेतले. पूर्ण वाढलेला पांडा हे शंभर किलोंच्या आसपासचे अस्वलच असते आणि तो मोकळा असताना त्याच्या आवारात अनुभवी रक्षकही शिरत नाहीत. रक्त घ्यायचे झाले तरी पांडा जाळीतून बसवलेल्या धातूच्या नळीत आपणहून हात घालतो आणि आतली दांडी धरून बसतो. हे त्याला महिनोन्महिने खाऊ देत शिकवलेले असते.

माझे काम ठरावीक मिनिटांनी प्राण्याची हालचाल नोंदवण्याचे होते. पहिल्याच आठवड्यात मी तासभर ओळीने ‘खातो आहे’ असे लिहिले आणि वरिष्ठ बाईंनी तो कागद शांतपणे परत केला. काय खातो आहे, पाने की दांडा? सोललेले टाकतो की गिळतो? पांडाची पचनसंस्था मांसाहारी प्राण्याची, त्यामुळे पोटात गेलेल्या बांबूचा जेमतेम पाचवा भाग अंगी लागतो, आणि म्हणून तो दिवसाचे दहा ते सोळा तास खात बसतो. ऋतूनुसार त्याची आवड कोंब, पाने आणि दांडा यांत फिरते. ती अवेळी बदलली, तर वैद्याला कळायला हवे. लेंडी पाहायलाही शिका. निरोगी पांडाची लेंडी हिरवट, दोन्ही टोकांना निमुळती असते आणि तिला ओल्या गवतासारखा वास येतो. सोबत मिळणारी रताळी पाहून मला मात्र दर वेळी एकादशी आठवे.

इथला प्रत्येक पांडा उसना आहे, हे नवख्याने पहिल्या दिवशीच पक्के समजून घ्यावे. १९७२ मध्ये चीनने अमेरिकेला पांडांची जोडी भेट दिली होती, पण १९८० च्या दशकात भेटी थांबून कराराने पांडा देण्याची पद्धत आली. डिसेंबर २००० मध्ये मेई श्यांग ही मादी आणि तिआन तिआन हा नर आले, ते दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलर मोजून. पुढे मुदत वाढत गेली. पिल्ले जन्मली तरी मालकी चीनचीच आणि साधारण चौथ्या वर्षी त्यांनी परत जायचे. शिवाय मादी वर्षातून एकदाच, एक ते तीन दिवस, गर्भधारणेस योग्य असते आणि पुष्कळदा गर्भ नसतानाही गरोदरपणाची सगळी लक्षणे दाखवते, त्यामुळे पिल्लू दिसेपर्यंत कोणीच खात्रीने बोलत नाही.

२०१५ मध्ये जन्मलेला बेई बेई नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला. जाण्याआधी कितीतरी दिवस त्याच्या वाटेत प्रवासाची पेटी दोन्ही दारे उघडी टाकून ठेवली होती. आधी तो नुसता आरपार जाई. मग आत बसून खाऊ लागला. मग दार मिनिटभर लागले, मग थोडे अधिक. आत बसून तो बांबू सोलत होता आणि मी नेहमीसारखी नोंद करत होते, पण त्या दिवशीचे माझे अक्षर आजही मला नीट वाचता येत नाही.

भारतात हे काळे-पांढरे पांडा नाहीत, तरी सराव तिथेच सुरू होऊ शकतो. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिउद्यानात लाल पांडाची पैदास होते. त्याचे कूळ वेगळे, पण तोही बांबूवरच जगतो. तेवढे लांब जाणे जमत नसेल, तर जवळच्या प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलासमोर तासभर बसा आणि दर पाच मिनिटांनी लिहा. फोटो काढू नका, हात वहीत गुंतू द्या.

८ नोव्हेंबर २०२३ रोजी उरलेले तिन्ही पांडा चीनला गेले आणि जवळजवळ वर्षभर आवार रिकामे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाओ ली आणि छिंग बाओ आले. बाओ लीची आई इथेच, २०१३ मध्ये जन्मलेली. म्हणजे तिआन तिआनचा हा नातू. त्याला पहिल्यांदा पाहिले, त्या दिवशीच्या वहीत माझी पहिली ओळ आहे: ‘पाने बाजूला टाकली, दांडा सोलून खाल्ला.’